निफाडची थंडी आणि दादांचे जाकीट

नाशिकला आलेला पाहुणा परत जाताना काय काय नेतो, हे आम्हा नाशिककरांना पाठ आहे. रामकुंडाचे तीर्थ, चिवड्याचा पुडा, द्राक्षांची पेटी आणि बायकामंडळी बरोबर असल्या तर येवल्याच्या पैठणीवाल्याचा पत्ता. पण "तुमच्याकडे वैमानिकांचे चामडी जाकीट शिवून मिळते का हो?" असे अजून कोणी विचारलेले नाही. उद्या कोणी विचारलेच, तर "मिळत नाही, पण आमच्या घरी एक आहे," असे सांगण्याइतपत माझी तयारी झाली आहे. ते एक कसे झाले, त्याचीच ही हकीकत.

आधी थंडीविषयी सांगायला हवे. मुंबईपुण्याची मंडळी नाशिकला 'हवेशीर' म्हणतात, पण आमच्या जिल्ह्यातल्या निफाडची थंडी त्यांनी खाल्लेली नसते. कडाक्याच्या हिवाळ्यात तिथला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात. आणि ओझर, म्हणजे जिथे आपला विमानांचा कारखाना आहे ते गाव, याच निफाड तालुक्यात. आग्रा रोडने नाशिकपासून वीसेक किलोमीटर. रस्त्याच्या बाजूला द्राक्षाचे मांडव आणि डोक्यावर कान फोडणारे लढाऊ विमान, असा देखावा दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही.

हा कारखाना इथे आला त्याची कथा जुन्या नाशिककरांना ठाऊकच आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ओझरला मिग विमानांचा कारखाना सुरू झाला. इंजिने ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा आमच्या ओझरला, अशी वाटणी होती.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सिन्नरकडच्या एका खेड्यातून १९६८ साली विसाव्या वर्षी या कारखान्यात रिव्हेट मारायला लागले. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी तेच केले. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पाडायचे, रिव्हेट घालायचा, ठोकायचा. विमानात मात्र ते कधी बसले नाहीत. आजतागायत नाहीत. त्यांना जागा विचारली तर म्हणतात, "आपला संबंध बाहेरून."

२०२५ च्या सप्टेंबरची सव्वीस तारीख. चंदिगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्याचा समारंभ होता. दादा सकाळपासून टेलिव्हिजनसमोर बसून होते. शेवटची विमाने उतरली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "एखाद्यात माझ्या हातची भोकं असतील." मग बऱ्याच वेळाने, कोणी न विचारता, त्यांनी एक जुनी गोष्ट काढली.

सत्तरच्या दशकातली एक पौषातली सकाळ. हँगरमध्ये हात गारठून हत्यार धरवत नव्हते. एक वैमानिक आपले चामड्याचे जाकीट एका ढकलगाडीवर टाकून आत गेला. दादांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्या जाकिटाला हात लावला. तेवढ्यात आपला हात तेलाने माखलेला आहे हे लक्षात येऊन झटकन मागे घेतला. "डाग पडला असता तर?" ते म्हणाले. पन्नास वर्षांनीही त्यांच्या चेहऱ्यावर ती भीती होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी बँकेतला माणूस. फावल्या वेळात जुनी पुस्तके बांधण्याचा नाद आहे, एवढीच माझी कारागिरी. पण परदेशांत काही शौकीन लोक दुसऱ्या महायुद्धातली वैमानिकांची जाकिटे जशीच्या तशी हाताने शिवतात, हे वाचून होतो. सकाळी मी जाहीर केले, "दादांसाठी मी चामड्याचे जाकीट शिवणार."

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही."

हे खरे होते. पण आता माघार नव्हती.

वैमानिकांना चामडे का लागले, ते इथे थोडक्यात सांगतो. सुरुवातीची विमाने उघडी असत. एक किलोमीटर वर गेले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे नाशिकला खाली तीस अंश असताना पंधरा हजार फुटांवर पाणी गोठण्याची वेळ येते आणि त्यावर ताशी शंभर-दीडशे मैलांचा वारा. लोकरीतून वारा शिरतो, चामड्यातून शिरत नाही. पहिल्या महायुद्धातले वैमानिक लांब चामडी कोट घालत. त्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने उडालेल्या चार हिंदी वैमानिकांत आपले मुंबईचे वेलिणकर होते. १९१८ साली ते फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले. पुढे १९३१ मध्ये अमेरिकन सैन्याने 'ए-२' नावाचे आखूड जाकीट पत्करले. पुढे चेन, चेनीमागे वारा अडवणारी पट्टी, दोन झाकणाचे खिसे, मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी. महायुद्धात आसामातून हिमालय ओलांडून चीनला माल नेणारे अमेरिकन वैमानिक हीच जाकिटे घालून आपल्या देशात वावरले. शत्रूच्या मुलुखात विमान पडले तर गावकऱ्यांनी मदत करावी, म्हणून चिनी भाषेत विनंती लिहिलेला कापडाचा तुकडा कित्येकजण पाठीवर शिवून घेत. पथकांची चिन्हे चामड्याचे रंगीत तुकडे जोडून आपल्याकडच्या कारागिरांनी त्यांना करून दिली, आणि ती आज तिकडचे शौकीन काचेच्या कपाटात ठेवतात. ती कोणी शिवली, त्यांची नावे मात्र कुठे नाहीत. १९४३ मध्ये अमेरिकन सैन्याने चामड्याची नवी मागणी थांबवून कापडी जाकिटे घ्यायला सुरुवात केली. पण लोकांच्या मनातून 'ए-२' काही उतरले नाही.

आता शिकवणार कोण? नाशकात शिंपी पुष्कळ. मेन रोडवरच्या दोघातिघांनी "चामडं आम्ही शिवत नाही" म्हणून हात जोडले. एकाने मात्र सांगितले, "कँपात बघा."

कँप म्हणजे देवळाली कँप. नाशिकरोडहून लॅम रोडने निघालो की हळूहळू झाडे वाढतात, बंगले मोठे होतात आणि शिस्तीचा वारा लागतो. आज इथे तोफखान्याचे विद्यालय आहे. इंग्रजांच्या काळी मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत इथे महिनोन्‌महिने पडून असत. बोटी फक्त हिवाळ्यात सुटत. काम नाही, ऊन आणि ताप. कित्येकांची डोकी फिरत. डोके फिरलेल्याला इंग्रजीत आजही 'डूलॅली' म्हणतात, तो आमच्या देवळालीचाच अपभ्रंश. मी पन्नाशी उलटल्यावर चामडे शिवण्यासाठी तिथे निघालो होतो, हे ध्यानात घेता शब्द अगदीच अस्थानी नव्हता.

बाजाराच्या एका टोकाला तात्या भेटले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, चष्म्याला दोरी, पुढ्यात आरी, रापी, हातोडी आणि संगमरवरी फरशीचा एक तुकडा. तीन पिढ्या साहेबलोकांचे बूट, पट्टे आणि खोगिरे शिवण्यात गेलेल्या. मी माझे मनोगत सांगितले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"साहेब, शिवून देतो. तुम्ही कशाला हात काळे करता?"

"मला स्वतः शिवायचं आहे, तात्या."

"कशापायी?"

"हौस."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी कातडं आणा. बकऱ्याचं. एक मिलिमीटरच्या आसपास जाड, त्याहून जास्त नको. सगळं एका रंगाच्या घाणीतलं बघा."

कातडे आणायला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. दादरला उतरून शीव, तिथून चालत धारावी. धारावीविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मी फक्त वास सांगतो. नवे चामडे, रंग आणि सोल्यूशन यांचा मिळून एक वास त्या गल्ल्यांत असतो, तो दोन दिवस कपड्यांतून जात नाही. पूर्वी कातडी कमावण्याचे कारखानेही इथेच होते. आता कमावलेला माल बहुतेक मद्रासकडून येतो आणि इथे त्याच्या पिशव्या, पाकिटे, जाकिटे होतात. कातडे मीटरवर नव्हे, चौरस फुटांवर विकतात. एका बकऱ्याचे पाच-सहा चौरस फूट भरते. माझ्या मापाला चाळीस लागणार होते. दुकानदाराने प्रत्येक कातडे उजेडात धरून दाखवले. कुठे काट्याने ओरखडलेले, कुठे गोचिडीचा डाग. "हे जनावराचं आयुष्य आहे," तो म्हणाला. "हे पुसता येत नाही."

सौभाग्यवतींनी गठ्ठा दारातच अडवला. आईने तर देवघराचे दार लावून घेतले. अखेर गच्चीवरची खोली मला मिळाली, ती "आंघोळ केल्याशिवाय खाली यायचं नाही" या अटीवर. आईला मी हसलो. ते हसू नंतर मला बोचले.

शनिवारी-रविवारी कँपात शिकायचे आणि रोज रात्री गच्चीवर शिवायचे, असा क्रम सुरू झाला. तात्यांचा पहिला धडा असा, की चामड्याला टाचणी लावायची नाही. कापडाला टाचणी लावली, काढली, भोक बुजले. चामड्याचे भोक कायमचे. म्हणून कडा चिमट्याने धरायच्या किंवा सोल्यूशनने चिकटवायच्या. शिवण येणारी कड रापीने पातळ करायची, नाहीतर चार थर एकत्र आले की गाठोडे होते. मग आरीने भोके पाडायची, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या. असा टाका एका बाजूने तुटला तरी दुसऱ्या बाजूने धरून राहतो. इंचाला आठ टाके. हौसेने मी बारा घातले, तर तात्यांनी ती पट्टी दोन हातांत धरून टर्रकन फाडून दाखवली. "टपालाचं तिकीट केलंत," ते म्हणाले. शिवून झाले की शिवण उघडून फरशीवर ठेवायची आणि हातोडीने ठोकून बसवायची. पाठ जनावराच्या पाठीच्या कातड्यातून, कारण पोटाकडचे कातडे ताणते. ते लपणाऱ्या जागी वापरायचे.

पुठ्ठ्याचे नमुने कापून मी बाह्या बेतल्या. तीन रात्री खपून दोन्ही बाह्या तयार केल्या आणि रविवारी ऐटीत तात्यांपुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलली, दुसरी उचलली, आणि विचारले, "दादांना दोन डावे हात आहेत का?"

कापड दुहेरी घडी करून कापतात, त्यामुळे डावे-उजवे आपोआप निघते. चामडे एकेरी कापावे लागते आणि दुसऱ्या वेळी नमुना उलटा ठेवावा लागतो. मी विसरलो होतो. दोन कातडी फुकट. पंचवटी एक्स्प्रेस पुन्हा एकदा.

ही गोष्ट रात्री जेवताना सांगितली तेव्हा सगळे हसले. दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "आमच्याकडे पत्र्याला चुकीचं भोक पडलं तर लपवायचं नाही. इन्स्पेक्टरला बोलवायचं, कागदावर लिहायचं. भोक लहान असतं, पण विमान वर जातं." थोडे थांबून म्हणाले, "तुझ्या तात्यांना एकदा घरी आण."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तात्या आले. मी रिक्षाचे पैसे दिले, त्यांना दारापर्यंत आणले. ते उंबऱ्याबाहेर थांबले. "इथंच बरं आहे. बाहेर ऊन आहे," म्हणाले.

ऊन कोवळे होते, थंडीही होती, म्हणून मला क्षणभर खरेच वाटले. मग दादा खुर्चीतून उठून बाहेर गेले, त्यांचा हात धरला आणि आत घेऊन आले. चहा झाला. दोघे हातांविषयी बोलत बसले: कुठल्या बोटाला घट्टा पडतो, थंडीत कुठला सांधा दुखतो. दादा म्हणाले, "आमच्या गावी तुमच्या लोकांना पाणी वरून ओतायचे. मी लहानपणी ओतलंय." तात्या म्हणाले, "ओतायचे ना. आमच्याही गावी." दोघेही तेवढ्यावर थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने न बोलता चहाचा दुसरा कप आणून तात्यांच्या हातात दिला.

हे सारे नाशकात घडत होते, हे विसरून चालणार नाही. आमच्या पंचवटीत, काळाराम मंदिराच्या दाराशी, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षे चिकाटीने चालवला; पुण्याचे पां. ना. राजभोज, चर्मकार समाजातले पुढारी, त्यात उतरले होते. दार काही तेव्हा उघडले नाही, आणि १९३५ मध्ये याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी आपला निर्णय जाहीर केला. पंचवटीच्या शाळेत शिकलेल्या मला हे सनावळीसकट पाठ होते. पण उंबऱ्याबाहेरचे 'ऊन' मला कळायला दादांना उठावे लागले.

तात्यांना सोडायला गेलो तेव्हा मी विचारले, "मुलगा हे काम करत नाही?"

"मुलगा अंबडला कंपनीत आहे. नातू कॉम्प्युटरवर. मीच शिकवलं नाही." मग म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. तुम्ही चामडं शिवता, तर लोक म्हणतात, वा, काय हौस आहे! माझ्या नातवानं शिवलं, तर म्हणतील, शेवटी जातीवर गेला."

पहिल्यांदाच ते मला 'साहेब'ऐवजी 'भाऊ' म्हणाले होते, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. बँकेतल्या मित्रांना मी मोबाईलवर बाह्यांचे फोटो दाखवून वाहवा मिळवत होतो, ते आठवले. आईला हसलो होतो, तेही आठवले. तिने आंघोळीची अट घातली होती. मी अट न घालता हौस केली होती, एवढाच फरक. तात्या पुढे धंद्याचे बोलत राहिले. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाचे कातडे बंद झाले, मग म्हशीवर आणि बकऱ्यावर आले, आता रेक्झिन. ऐकत होतो, पण मन मागेच राहिले होते.

काम मात्र थांबले नाही. सौभाग्यवतींनी मनगटाच्या आणि कमरेच्या पट्ट्या विणून दिल्या, दोन सुलट दोन उलट, गडद तपकिरी लोकरीच्या. टिचबटणे बसवायचे काम दादांनी कोणाला करू दिले नाही. भोक, बटण, ठोका. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांचा हात एकदाही चुकला नाही. ऑक्टोबरात ओझरहून तिथे बांधलेले पहिले तेजस विमान उडाले होते. त्याचे वर्तमानपत्रातले छायाचित्र त्यांनी गच्चीवरच्या खोलीत चिकटवून ठेवले होते. कॉलर दोनदा उसवावी लागली. उसवलेल्या जुन्या भोकांची एक ओळ डाव्या बाजूला अजून दिसते. मी ती झाकायला पट्टी लावणार होतो. दादा म्हणाले, "राहू दे. लिहून ठेव, म्हणजे झालं."

शेवटी राहिले लेबल. त्या जुन्या 'ए-२' जाकिटांच्या आत, मानेशी, एक विणलेले लेबल असे. त्यावर जाकिटाचा प्रकार, मागणीचा क्रमांक आणि बनवणाऱ्या कंपनीचे नाव. मी कापडाची पट्टी घेतली, शाईने प्रकार लिहिला, 'नाशिक' लिहिले आणि नावाशी अडलो. माझे नाव घालायचे होते, खोटे का सांगू? तीन महिने सुया टोचून घेतल्या होत्या. पण पट्टी तशीच घेऊन मी कँपात गेलो.

"तात्या, तुमचं नाव घालतो."

ते हसले. "साठ वर्षं शिवलं. कर्नलसाहेबांचे बूट शिवले, मेमसाहेबांच्या पर्स शिवल्या. वर दुकानाचं नाव. माझं कुठं नाही."

"म्हणूनच म्हणतो. नुसतं 'तात्या' लिहू?"

ते विचारात पडले. नातू आपल्या ऑफिसात आडनाव सांगत नाही, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते. आडनावावरून लोक पुढचे ओळखतात. "उद्या सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बँकेत असतानाच फोन आला. "भाऊ, पूर्ण नाव लिहा. वडिलांचंसुद्धा. आणि आडनावासकट."

तसे लिहिले. एका ओळीत मावेना, म्हणून दोन ओळी केल्या. खाली बारीक अक्षरात 'हाताखाली' असे लिहून माझे नाव घातले.

जानेवारीत कडाका पडला तेव्हा एका पहाटे दादा जाकीट घालून तयार झाले. मी गाडी काढली. लॅम रोडने आधी कँपात गेलो, तात्यांना घेतले आणि मग आग्रा रोडने ओझरकडे निघालो. धुके होते. द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर येत होता. कारखान्याच्या कुंपणापासून दूर एका चहाच्या टपरीशी थांबलो. दादांनी कॉलर वर केली. तात्यांनी सवयीने खांद्याची शिवण चिमटीत धरून पाहिली, डाव्या बाजूच्या जुन्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत.

आठच्या सुमारास धावपट्टीकडून आवाज आला. टपरीवरचे पेले थरथरले. विमान धुक्यात होते, दिसले नाही. दोघेही म्हातारे मान वर करून, आवाज जाईल तिकडे पाहत राहिले. मग दादांनी जाकीट काढले आणि तात्यांच्या खांद्यावर टाकले.

"घाला जरा. बघू तुम्हाला कसं होतं ते."

"नको, डाग पडेल," तात्या म्हणाले. त्यांच्या हाताला पॉलिश होते.

"पडू द्या," दादा म्हणाले.